शरीराचे स्वाभाविक निरोधक : अष्ठीला ग्रंथीचे स्राव आणि कर्करोगाची वाढ

बोटाला विळीचा काप लागला, तर काही दिवसांत ती जखम भरून येते. जखमेच्या कडांवरील पेशी विभागू लागतात, एका पेशीच्या दोन आणि दोहोंच्या चार होतात. दोन्ही कडा एकमेकींस मिळाल्या म्हणजे ही वाढ थांबते. या घटनेचा पूर्वार्ध सर्वांच्या ध्यानात येतो. उत्तरार्धाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वाढ सुरू कशामुळे होते या प्रश्नाइतकाच ती थांबते कशामुळे हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. उंदराच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग शस्त्रक्रियेने काढून टाकला, तरी उरलेला भाग वाढून थोड्याच दिवसांत मूळच्या आकाराएवढा होतो आणि तेथेच थांबतो, हे १९३१ मध्ये प्रयोगाने दाखवून देण्यात आले होते. म्हणजे शरीराजवळ वाढीचा चाबूक आहे, तसाच लगामही आहे.

हा लगाम एका दोरीचा नाही. त्यातील कित्येक धागे म्हणजे पेशींनी स्वतः तयार करून बाहेर टाकलेली प्रथिने होत. अशा प्रथिनास स्रवलेले प्रथिन म्हणतात. ते पेशींच्या भोवतालच्या द्रवात मिसळते, शेजारच्या पेशींपर्यंत पोहोचते, आणि त्यांच्या पृष्ठभागावरील ठरावीक जागी चिकटून त्यांना काही संदेश देते. काही संदेश 'वाढा' असे सांगतात, तर काही 'थांबा' असे सांगतात. कर्करोगात पहिल्या प्रकारचे संदेश वाढतात, हे पुष्कळांस ठाऊक असते. दुसऱ्या प्रकारचे संदेश त्याच वेळी क्षीण होत जातात, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. पुरुषांच्या अष्ठीला ग्रंथीत ती विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळते, आणि तिच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा आरंभ मुंबईतच झालेला आहे.

ग्रंथी आणि तिचे स्राव

अष्ठीला ग्रंथी, जिला रुग्णालयात प्रोस्टेट या नावाने ओळखतात, ती फक्त पुरुषांच्या शरीरात असते. मूत्राशयाच्या तळाशी, मूत्रमार्गाला वेढून ती बसलेली असते. तरुणपणी तिचा आकार साधारण अक्रोडाएवढा व वजन सुमारे २० ग्रॅम असते. वीर्याचा काही भाग या ग्रंथीच्या स्रावाचा बनलेला असतो. या स्रावात जस्त व सायट्रेट यांचे प्रमाण मोठे असते, आणि प्रथिनांपैकी तीन विशेष विपुल असतात : अम्ल फॉस्फेटेज नावाचे एंझाइम, वीर्य पातळ करणारे दुसरे एक एंझाइम, जे पीएसए या अक्षरांनी प्रसिद्ध आहे, आणि तिसरे एक लहानसे प्रथिन, ज्याची हकीकत पुढे येणार आहे.

वय वाढते तशी बहुतेक पुरुषांत ही ग्रंथी मोठी होते. ही वाढ बहुधा साधी असते आणि तिला कर्करोग समजण्याचे कारण नाही. परंतु काहींच्या ग्रंथीत कर्करोग उद्भवतो. २०२० या एका वर्षात जगभर सुमारे १४ लाख पुरुषांत या रोगाचे नव्याने निदान झाले. पुष्कळांत तो इतका मंद असतो की त्यापासून आयुष्यभर उपद्रव होत नाही; इतरांत तो ग्रंथीची सीमा ओलांडून हाडांपर्यंत पोहोचतो. एकाच अवयवात एकाच नावाचा रोग इतका भिन्न वागतो याचे एक कारण चाबूक आणि लगाम यांच्या कमीअधिक बळात शोधावे लागते.

चाबकाचा शोध प्रथम लागला. शिकागो विद्यापीठातील शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये असे दाखविले की, वृषणांतून येणारे पुरुष-हॉर्मोन बंद केले असता अष्ठीला ग्रंथीचा पसरलेला कर्करोगही मागे हटतो. या कार्याबद्दल १९६६ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. त्यांनी दाखविलेल्या तत्त्वावर आजही या रोगाचे उपचार उभे आहेत. तथापि पसरलेल्या रोगात हा उपाय बहुधा कायमचा पुरत नाही. काही काळाने हॉर्मोनाचा पुरवठा तुटलेला असतानाही पेशी पुन्हा वाढू लागतात. चाबूक काढून घेतला तरी घोडा धावतच राहतो, तेव्हा लगामाचे काय झाले याचा विचार करणे भाग पडते.

मुंबईत हाती आलेले प्रथिन

लगामाच्या एका धाग्याचा शोध अगदी निराळ्या वाटेने लागला. वृषणांतून असा एखादा पदार्थ निघत असावा की जो मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीवर परिणाम करून तिच्या एका हॉर्मोनाचे, म्हणजे पुटकोद्दीपक हॉर्मोनाचे, प्रमाण आवरतो, अशी कल्पना बऱ्याच काळापासून होती. या कल्पित पदार्थाला १९३२ मध्ये 'इनहिबिन', म्हणजे निरोधक, असे नाव देण्यात आले. तो प्रत्यक्ष हाती यावा म्हणून अनेक देशांत प्रयत्न चालू होते. मुंबईत परळ येथे असलेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रजनन-संशोधन संस्थेत डॉ. अनिल शेठ आणि त्यांचे सहकारी हेच काम करीत होते. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी मानवी वीर्यद्रवातून एक लहान प्रथिन वेगळे केले. उंदरांना ते दिले असता पुटकोद्दीपक हॉर्मोन कमी होते, असे त्यांना आढळले; म्हणून त्यास वीर्यद्रवातील इनहिबिन असे नाव मिळाले.

१९८४ मध्ये या प्रथिनाची पूर्ण रचना प्रसिद्ध झाली. ते ९४ अमिनो अम्लांची एकच साखळी आहे. त्यांपैकी दहा सिस्टीन नावाची असून ती दोन दोन अशी एकमेकींना गंधकाच्या बंधांनी जोडलेली असतात. मण्यांची माळ पाच ठिकाणी टाके घालून घट्ट गुंडाळावी, तसे त्याचे रूप असते. परंतु पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, अंडाशयातील द्रवातून खरे इनहिबिन शुद्ध करण्यात यश आले. ते दोन साखळ्यांचे, आकाराने बरेच मोठे आणि सर्वस्वी निराळे प्रथिन निघाले. मुंबईत मिळालेले प्रथिन वृषणांत नव्हे तर मुख्यत्वे अष्ठीला ग्रंथीत तयार होते, हेही स्पष्ट झाले.

नाव चुकले, पण वस्तू खरी होती. विज्ञानात असे प्रसंग विरळ नाहीत. जुने नाव मागे पडले आणि ९४ अमिनो अम्लांचे अष्ठीला-स्राव प्रथिन या अर्थी त्यास पीएसपी-९४ म्हणू लागले. त्याला बीटा-मायक्रोसेमिनोप्रोटीन असे दुसरेही नाव मिळाले; दोन्ही नावे आजही चालतात. २०१० मध्ये मुंबईतील संशोधकांनीच या प्रथिनाचे स्फटिक बनवून, क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची त्रिमितीय घडण प्रसिद्ध केली, आणि त्याचे दोन रेणू कडेला कड लावून जोडीने राहतात असे दाखविले.

थांबविण्याचे सामर्थ्य

निरोगी ग्रंथीत जे प्रथिन एवढे विपुल आहे, ते रोगी ग्रंथीत कसे असते? ऊतींचे पातळ काप घेऊन त्यांत हे प्रथिन रंगाने दाखविण्याची पद्धत आहे. तिच्या साहाय्याने पाहिले असता असे आढळले की, निरोगी ग्रंथीच्या पेशींत ते भरपूर असते. कर्करोग झालेल्या भागात ते कमी होते. आणि रोग जितका पुढे गेलेला, तितके ते बहुधा अधिकच दुर्मीळ होत जाते.

येथे वाचकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. घर जळाल्यावर दाराचे कुलूप सापडले नाही, म्हणून कुलूप नसल्यामुळे आग लागली असे म्हणता येत नाही. प्रथिनाचा अभाव हे रोगाचे कारण आहे की परिणाम, हे केवळ असे काप पाहून ठरत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो.

असे प्रयोग १९९० नंतरच्या दशकात झाले. प्रयोगशाळेत वाढविलेल्या कर्करोगपेशींना हे प्रथिन दिले असता त्यांची वाढ मंदावली आणि काही पेशी मरण पावल्या. हे मरण विषबाधेसारखे नव्हते. प्रत्येक पेशीत स्वतःचा शिस्तबद्ध शेवट घडवून आणण्याची एक योजना असते. जीर्ण व बिघडलेल्या पेशी तिच्याच योगे दूर होतात. कर्करोगपेशींत ही योजना दबलेली असते, ती या प्रथिनाच्या सान्निध्यात पुन्हा चालू झाल्याचे दिसले. पुढे २००३ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदीरवर्गातील मोठ्या प्राण्यांमध्ये, म्हणजे घुशीसारख्या प्रयोगप्राण्यांमध्ये, अतिशय आक्रमक अशा अष्ठीला-कर्करोगाच्या पेशी टोचून हीच परीक्षा केली. ज्यांना पीएसपी-९४ देण्यात आले, त्यांच्या गाठी इतरांपेक्षा लहान राहिल्या, आणि या प्राण्यांच्या रक्तात धोकादायक प्रमाणात वाढलेले कॅल्शियमही खाली आले.

कर्करोग लगाम कसा तोडतो

प्रथिन बनविण्याची आज्ञा जनुकात लिहिलेली असते. पीएसपी-९४ चे जनुक दहाव्या गुणसूत्रावर आहे. पुढे गेलेल्या कर्करोगात हे जनुक बहुधा नष्ट झालेले नसते; ते झाकलेले असते. पेशीच्या केंद्रातील जनुकसूत्र काही प्रथिनांभोवती गुंडाळलेले असते, आणि ही गुंडाळी घट्ट केली की तेथील आज्ञा वाचता येत नाही. पुस्तक कपाटात आहे, परंतु कपाटाला कुलूप घातले आहे, अशी ही स्थिती. गुंडाळी घट्ट करणारे एक एंझाइम आक्रमक अष्ठीला-कर्करोगात प्रमाणाबाहेर वाढलेले असते, आणि पीएसपी-९४ चे जनुक बंद करण्यात त्याचा हात असतो, असे दिसून आले आहे.

आणखी भक्कम पुरावा २००८ मध्ये पुढे आला. हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी पुरुष यांच्या जनुकसूत्रांची तुलना करणाऱ्या दोन स्वतंत्र गटांना एकाच वर्षी एकच गोष्ट आढळली. पीएसपी-९४ च्या जनुकाच्या आरंभाजवळ, जेथून त्याचे नियंत्रण होते तेथे, एका अक्षराचा फरक काही माणसांत असतो. ज्यांच्यात हा फरक असतो, त्यांच्यात प्रथिन कमी बनते आणि अष्ठीला-कर्करोगाची जोखीम थोडी अधिक असते. असा फरक मनुष्याला जन्मतःच मिळतो; रोग पुष्कळ वर्षांनी होतो. रोगामुळे जन्मतःचे अक्षर बदलत नाही. म्हणून कारण आधी की परिणाम आधी, या प्रश्नाला येथे बरेच निश्चित उत्तर मिळते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका मोठ्या पाहणीत, निदानापूर्वी घेतलेल्या रक्तात हे प्रथिन ज्यांच्यात अधिक होते त्यांच्यात रोगाची जोखीम कमी असल्याचे आढळले. आणि जनुकांच्या आधारे केलेल्या विश्लेषणानेही त्यास दुजोरा दिला. अर्थात या एका अक्षरामुळे वाढणारी जोखीम अल्प असते. पुष्कळ निरोगी माणसांत ते अक्षर असते आणि त्यांना हा रोग कधीच होत नाही.

रक्तपुरवठ्यावरील पहारेकरी

प्रत्येक निरोधक प्रथिन कर्करोगपेशीशी थेट झुंजतेच असे नाही. काही प्रथिने तिची रसद तोडतात. बोस्टन येथील शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये असे प्रतिपादन केले की, नव्या रक्तवाहिन्या फुटल्यावाचून गाठ एकदोन मिलिमीटरपेक्षा मोठी होऊ शकत नाही. पाटाचे पाणी पोहोचत नाही तेथे ऊस उभा राहत नाही, त्याप्रमाणे प्राणवायू आणि अन्न पोहोचत नाही तेथे पेशी जगत नाहीत. कर्करोगाची गाठ आपल्याकडे रक्तवाहिन्या ओढून घेणारे स्राव सोडते. निरोगी ऊती त्याच्या उलट काम करणारे स्राव सोडत असतात.

अशांपैकी एक थ्रॉम्बोस्पॉन्डिन होय. नव्या रक्तवाहिन्यांना प्रतिबंध करण्याचा त्याचा गुण १९९० मध्ये उघडकीस आला. पेशीचे रक्षण करणारे पी-५३ नावाचे एक प्रसिद्ध जनुक त्याची निर्मिती चालू ठेवते, असे १९९४ मध्ये दिसले. ते जनुक बिघडले की हा पहारेकरीही नाहीसा होतो. दुसरे असे प्रथिन प्रथम डोळ्याच्या दृष्टिपटलाजवळील रंगद्रव्य असलेल्या पेशींच्या स्रावात सापडले, आणि त्यास पीईडीएफ म्हणतात. डोळ्याचा पारदर्शक भाग रक्तवाहिन्यांपासून मुक्त ठेवण्यास ते साहाय्य करते, असे १९९९ मध्ये कळले. २००३ मध्ये ज्या उंदरांत हे प्रथिन जन्मतःच नव्हते त्यांची तपासणी करण्यात आली, तेव्हा त्यांच्या अष्ठीला ग्रंथी वाढलेल्या आणि रक्तवाहिन्यांनी गजबजलेल्या आढळल्या. नेत्राचे रक्षण करणारे प्रथिन या ग्रंथीचेही माप राखीत होते.

दुतोंडी संदेश

निरोधकांचा तिसरा वर्ग वाढीचा संदेशच वाटेत अडवितो. इन्सुलिनाशी साम्य असलेले एक वर्धक प्रथिन रक्तात फिरत असते. १९९८ मध्ये अमेरिकेतील पुरुष डॉक्टरांच्या दीर्घकालीन पाहणीतून असे दिसले की, ज्यांच्या रक्तात ते अधिक होते त्यांच्यात पुढे अष्ठीला-कर्करोगाचे प्रमाणही अधिक होते. या वर्धकाला मिठीत धरून ठेवणारी काही प्रथिने शरीर स्रवते. त्यांतील तिसऱ्या क्रमांकाचे प्रथिन सर्वांत विपुल असते. वर्धक त्याच्या मिठीत असेपर्यंत पेशीशी जोडला जाऊ शकत नाही. गमतीची गोष्ट अशी की, आधी उल्लेखिलेले पीएसए हे एंझाइम ही मिठी सोडवू शकते, कारण ते त्या धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचेच तुकडे करते. उलट, रक्तातील एका प्रथिनाचे तुकडे करून तेच पीएसए रक्तवाहिन्यांचा निरोध करणारा अंशही निर्माण करू शकते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. एकच कात्री एका ठिकाणी लगाम कापते आणि दुसऱ्या ठिकाणी लगामासाठी दोरी कातरून देते.

असाच दुहेरी स्वभाव टीजीएफ-बीटा या प्रथिनाचा आहे. निरोगी ग्रंथीत ते पेशींना वाढ थांबविण्यास सांगते. पुरुष-हॉर्मोन बंद झाल्यावर ग्रंथी जी आक्रसते, त्यातही त्याचा भाग असतो. परंतु कर्करोग पुढे गेला की पेशी या आज्ञेस बधिर होतात, आणि मग तेच प्रथिन भोवतालच्या ऊतींत असे फेरफार घडविते की रोगाच्या प्रसारास मदतच व्हावी. यावरून एक बोध होतो : निरोधक प्रथिन हे निरपवाद मित्र नसते. ते कोणत्या वेळी, कोणत्या पेशीला आणि कोणत्या अवस्थेत मिळते, यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो.

औषधाची वाट

शरीराचेच प्रथिन बाहेरून देऊन रोग आवरावा, ही कल्पना सोपी वाटते. प्रत्यक्षात तिच्या वाटेवर अनेक अडचणी आहेत. प्रथिन तोंडाने घेतले तर ते अन्नातील इतर प्रथिनांप्रमाणे पचून जाते. शिरेतून दिले तर पुष्कळदा अल्पकाळातच रक्तातून नाहीसे होते. शुद्ध आणि समान गुणाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात बनविणे खर्चाचे असते. म्हणून पीएसपी-९४ च्या साखळीतील ३१ ते ४५ या क्रमांकांचा पंधरा अमिनो अम्लांचा लहान तुकडा कृत्रिम रीतीने तयार करण्यात आला. प्राण्यांत त्याचा परिणाम मूळ प्रथिनासारखाच आशादायक ठरला. ज्यांच्यावर हॉर्मोनोपचार निष्फळ झाले होते अशा काही रुग्णांवर त्याच्या प्राथमिक चाचण्याही झाल्या आणि तो सहन होतो असे दिसले. परंतु तो मान्यताप्राप्त औषधाच्या पदाला पोहोचला नाही. रक्तवाहिन्यांच्या निरोधकांचा अनुभवही असाच बोलका आहे. १९९४ आणि १९९७ मध्ये फोकमन यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलेल्या अँजिओस्टॅटिन व एंडोस्टॅटिन या दोन प्रथिनांनी उंदरांतील गाठी आक्रसून गेल्या, तेव्हा जगभर मोठी आशा निर्माण झाली. माणसांतील फळ त्या आशेच्या मानाने बरेच अल्प निघाले.

यामुळे या संशोधनाचे मोल कमी होत नाही. रोगी पेशीतील बंद झालेले जनुक पुन्हा उघडता येईल काय, याचा शोध चालू आहे. रक्तातील वा मूत्रातील पीएसपी-९४ मोजून मंद रोग आणि आक्रमक रोग वेगळे ओळखता येतील काय, हाही अभ्यासाचा विषय आहे. पीएसए कर्करोगात रक्तात वाढू शकते, तसे ते साध्या वाढीत आणि दाहातही वाढू शकते. त्यामुळे केवळ त्याच्या आकड्यावरून निदान करता येत नाही. वाढणाऱ्या प्रथिनाच्या जोडीला घटणाऱ्या प्रथिनाचे मोजमाप मिळाले, तर अनावश्यक शस्त्रक्रिया टळण्यास आणि आवश्यक ती वेळेवर होण्यास साहाय्य होईल.

तोपर्यंत सामान्य मनुष्याने एवढे ध्यानात ठेवावे. ही प्रथिने वाढविणारे म्हणून जे चूर्ण वा आहार सुचविले जातात, त्यांनी हा रोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. लघवीस अडथळा होणे, तीत रक्त दिसणे किंवा उतारवयात कंबरेची हाडे सतत दुखणे, ही लक्षणे बहुधा दुसऱ्या साध्या कारणांची असतात. तरी ती संकोचाने लपवू नयेत, डॉक्टरांना दाखवावीत. आरंभीच्या अवस्थेत कोणतेही लक्षण नसते, म्हणून घरात वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल त्यांनी तपासणीविषयी डॉक्टरांचा सल्ला घेणे हिताचे असते.

कर्करोगाला पुष्कळदा बाहेरून आलेल्या शत्रूची उपमा दिली जाते. अष्ठीला ग्रंथीच्या स्रावांचा इतिहास त्याचे निराळे चित्र दाखवितो. रोगी पेशी शरीराच्याच असतात, आणि त्यांना आवरणारी प्रथिनेही शरीराचीच असतात. एका चुकीच्या नावाखाली वीर्यद्रवातून वेगळे काढलेले ९४ मण्यांचे एक प्रथिन पुढे या आवरण्याच्या व्यवस्थेचा पुरावा ठरले. ही व्यवस्था कोठे तुटते ते आता काही अंशी कळले आहे; ती पुन्हा कशी जोडावी, हे काम पुढच्या संशोधकांसाठी शिल्लक आहे.